आधी दिवे मोजा, मग बॅटरी, पॅनल सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात अजून काही जुने पिवळे बल्ब, काही सीएफएल आणि चोकवाल्या ट्यूब आहेत. बागेच्या वाटेवर सोलर दिवे लावले होते, पण ते दीड वर्षात मंदावले आणि आता अंधार पडल्यावर तासाभरात विझतात. छपरावर पॅनल टाकून घरातले सगळेच दिवे सोलरवर घ्यायचा विचार आहे, तर किती वॅटचं पॅनल घ्यावं?

आकडा देतो, पण तो जरा पुढे येईल. वीसएक वर्षं मी दिव्यांची फिटिंग आणि लहान सोलर संच बसवतोय. फसलेले जे संच दुरुस्तीला आले, त्यांतल्या बहुतेकांत चूक एकच होती: पॅनल आधी घेतलं आणि दिवे नंतर मोजले. हिशोब उलट्या बाजूने करावा लागतो. दिवे किती खातात त्यावरून बॅटरी ठरते, आणि ती बॅटरी ढगाळ दिवसांतही भरली पाहिजे यावरून पॅनल.

तेव्हा सुरुवात दिव्यापासून. जुन्या बल्बमध्ये तार तापून पांढरी होते आणि तापता तापता थोडा उजेडही पडतो. आत गेलेल्या विजेचा जेमतेम विसावा हिस्सा डोळ्यांना दिसणारा प्रकाश होतो, बाकी सगळी उष्णता. ६० वॅटचा बल्ब ७०० ते ८०० लुमेन देतो; लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. तेवढाच उजेड सीएफएल १३ ते १५ वॅटमध्ये देते आणि एलईडी ८ ते ९ वॅटमध्ये. रोज पाच तास धरले तर जुना बल्ब महिन्याला ९ युनिटं खातो आणि ९ वॅटचा एलईडी १.३५. खोक्यावर 'अमुक वॅटच्या बरोबरीचा' असं लिहिलेलं असतं, त्याकडे मी बघतच नाही. लुमेनचा आकडा बघायचा.

आता हे दिवे सोलरवर आणा. ज्या बॅटरीवर ६० वॅटचा एक बल्ब एक संध्याकाळ काढेल, त्याच बॅटरीवर तेवढ्याच उजेडाचे सहा एलईडी संध्याकाळ काढतील. म्हणजे बल्ब बदलणं हे सोलरच्या आधीचं काम आहे; ते टाळून पॅनल टाकणं म्हणजे गळक्या हौदासाठी मोठा पंप आणणं.

एलईडी घेताना लोक वॅट आणि हमीचा काळ बघतात, रंग बघत नाहीत, आणि मग आठ दिवसांनी 'घर दवाखान्यासारखं दिसतंय' अशी तक्रार येते. पांढऱ्या एलईडीच्या आत खरं तर निळा दिवा असतो. त्या निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप असतो आणि निळं-पिवळं मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. हा निळा दिवा बनवणंच दुर्घट होतं. त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेप हलका असला की उजेडात लाल भाग कमी पडतो. मग माणसांचे चेहरे फिकट दिसतात, टोमॅटो विटकरी दिसतो. यासाठी खोक्यावर सीआरआय नावाचा, रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा असतो. सर्वसाधारण खोलीला ८० चालतो, पण स्वयंपाकाचा ओटा, आरसा, शिवणाची जागा इथे मी ९० च्या खालचा दिवा लावत नाही. दुसरा आकडा केल्विनचा: २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा ऊबदार पिवळा, ४००० मधला, ६५०० दुपारच्या आकाशासारखा निळसर पांढरा. झोपायच्या आणि बसायच्या खोलीत २७०० ते ३०००, कामाच्या जागी ४०००. एका खोलीत दोन रंग मिसळू नका, दोन्ही वाईट दिसतात.

'पंचवीस हजार तास चालतो' असं लिहिलेला बल्ब वर्षात का जातो, हेही सगळे विचारतात. तो आकडा बहुतेक वेळा आतल्या चिपचा असतो. चिपला वीज पुरवणारं छोटं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, बल्बच्या मानेत कोंबलेलं असतं, आणि त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातो. कारागिरांचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. मला गेलेले बल्ब उघडून बघायची खोड आहे. ड्रायव्हर ठीक असेल तर आतल्या एलईडींपैकी एकाच्या मधोमध काळा ठिपका सापडतो. सगळे एका माळेत जोडलेले असल्याने एक जळाला की अख्खी माळ बंद. दोन्ही आजारांचं मूळ उष्णताच. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात किंवा छतात चेपून बसवलेल्या डब्यात साधा एलईडी लावू नका. तिथे बंद फिटिंगसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, किंवा कमी वॅटचा लावा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणत राहत असेल, तर बहुतेक वेळा बटणातला छोटा लाल इंडिकेटर त्याला कारण असतो. त्यातून झिरपणारा इवलासा प्रवाह एलईडीला पुरतो. कधी लांब वायर शेजारून गेल्यानेही तसं होतं. हे निरुपद्रवी आहे. पण कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेलं निघतं. मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. जुना बल्ब ही चूक कधी दाखवत नव्हता, एलईडी दाखवतो. मिणमिणणारा दिवा दिसला की वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

चोकवाल्या ट्यूबचंही तसंच. ३६ वॅटची ट्यूब लोखंडी चोकसकट ४५ वॅटच्या आसपास खाते, एलईडी ट्यूब १६ ते २० वॅटमध्ये काम करते. पण नवी ट्यूब जुन्या पट्टीत नुसती अडकवू नका. काही एलईडी ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना. सोबतच्या कागदावरची आकृती पाहून, चोक आणि स्टार्टर काढून जोडणी करायची. काढलेल्या ट्यूब आणि सीएफएल कचऱ्यात फेकू नका, आत थोडा पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडा आणि तुकडे ओल्या कागदाने टिपा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, त्याने पारा हवेत पसरतो.

किती उजेड हवा, यात लोक छताला जास्तीचे दिवे लावून चुकतात. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. दिवा दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला तर पानावर पडणारा थेट उजेड सोळापट होतो. वाचायला ३०० ते ५०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) लागतात, चालायच्या वाटेला ५० ते १०० पुरतात. म्हणून खुर्चीजवळचा ५ वॅटचा दिवा वाचणाऱ्याला छतावरच्या २० वॅटपेक्षा जास्त देतो. आणि छताला पांढरा रंग द्या. चांगला पांढरा रंग त्यावर पडलेल्या उजेडाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग परत खोलीत टाकतो, दिवसा खिडकीचा आणि रात्री दिव्याचा.

मोबाइलवरून चालणारे स्मार्ट बल्ब घेणार असाल तर एक गणित करा. असा एक बल्ब बंद असतानाही वायफायची वाट बघत साधारण अर्धा वॅट खात बसतो. वीस बल्ब, चोवीस तास: रोजचे २४० वॅट-तास, तेही अंधारात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बागेतले दिवे. त्यातला एक उघडलात तर चारच वस्तू दिसतील: काडेपेटीएवढं पॅनल, एक १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड सेल, चार पायांची छोटी चिप आणि एलईडी. अंधार झालाय हे ओळखायला वेगळा सेन्सर सहसा नसतोच. पॅनलचा व्होल्टेज पडला की चिप समजते की रात्र झाली. म्हणूनच रस्त्यावरच्या किंवा दारावरच्या दिव्याच्या झोतात लावलेला सोलर दिवा कधी पेटत नाही. तो बिघडलेला नसतो, त्याच्या लेखी अजून दिवस असतो.

सेल ६०० मिलिॲम्पिअर-तासांचा असेल तर त्यात पाऊण वॅट-तासाहून कमी ऊर्जा मावते. छोटं पॅनल कडक उन्हात ५० ते ६० मिलिॲम्पिअर देतं. पाच तासांचं चांगलं ऊन मिळालं तरी सेल निम्म्याच्या आसपास भरतो. झाडाची सावली अर्धा दिवस आली की तेवढाही नाही. असा अर्धाच भरलेला सेल रोज रात्री तळापर्यंत खरवडला जातो, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची धारणशक्ती जाते. तुमच्या दिव्यांना तेच झालंय. एलईडी आणि चिप बहुधा धडधाकट असणार.

इथे एक हमखास चूक होते. 'छोटा सेल गेला ना, मग मोठा घालू' म्हणून लोक २००० चा सेल घालतात. पॅनल तेच, येणारी वीज तीच. मोठ्या माठात तेवढंच तांब्याभर पाणी. ६०० ते ८०० चाच चांगला सेल घाला. आणि घाई झाली म्हणून घड्याळातला साधा अल्कलाइन सेल तर मुळीच नको. तो भरण्यासाठी बनवलेला नाही. रोज चार्ज होऊन तो गळतो, कधी फुटतोही.

दारासमोर किंवा गाडीच्या जागेवर उजेड हवा असेल तर या खुंट्यांवरचे दिवे उपयोगाचे नाहीत. तिथे पॅनल वेगळं, दिवा वेगळा असा संच घ्या. म्हणजे दिवा सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता येतं. हालचालीवर पेटणारा असेल तर बॅटरी निम्म्याहून जास्त वाचते. हा सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो, त्यामुळे माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला की लगेच पेटतो, पण सरळ त्याच्या दिशेने चालत आला की उशिरा. म्हणून तो वाटेच्या टोकाला न लावता बाजूला लावायचा. हवाच अंगाएवढी तापलेली असेल तेव्हा माणूस आणि भिंत यांत त्याला फारसा फरक दिसत नाही. उन्हाळी संध्याकाळी तो मठ्ठ वाटला तर बदलून आणायला धावू नका. पावसात राहणाऱ्या दिव्याला निदान आयपी ४४ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) आणि उघड्यावर थेट मारा होणार असेल तर आयपी ६५ हवं. आणि बाहेर पिवळाच दिवा लावा, तोंड जमिनीकडे: किडे कमी येतात, उजेड शेजाऱ्याच्या खिडकीतही जात नाही.

तर, घरातले सगळे दिवे सोलरवर घ्यावेत का? घरात वीज येत असेल तर माझं मत नाही असं आहे. पॅनल पंचवीस वर्षं चालतं, एलईडीही वर्षानुवर्षं. मरते ती बॅटरी, आणि रोज सगळे दिवे बॅटरीवर चालवणं म्हणजे संचातला सगळ्यात लवकर झिजणारा भाग सगळ्यात जास्त राबवणं. छपरावर मोठं पॅनल टाकायचंच असेल तर ते थेट विजेच्या जाळ्याला जोडलेलं घ्या. दिवसा बनलेली वीज फ्रिज, पंप, पंखे सगळ्यांना कामी येते. फक्त एक गैरसमज काढून टाका. असा संच बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या घरातून उलटी वीज जाऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. बॅटरी आणि त्यासाठी बनवलेला इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर तुमच्या घरातही अंधारच.

म्हणून मी सुचवतो तो मधला मार्ग: चार दिव्यांची एक वेगळी १२ व्होल्टची लाइन. जिना, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि बसायची खोली, प्रत्येकी ५ वॅटचा १२ व्होल्टचा एलईडी. रोज पाच तास धरा: १०० वॅट-तास. वायर, चार्जिंग, धूळ यांची गळती धरून पॅनलने रोज १३० वॅट-तास बनवायला हवेत. सूर्य पूर्ण ताकदीने तळपतोय असे तास चांगल्या महिन्यांत चार धरले तर ३३ वॅटचं पॅनल पुरतं. पण संच कोसळतो तो ढगाळ महिन्यांत, जेव्हा असे तास दोनवर येतात. तेव्हा ६५ वॅट लागतात. मी ७५ वॅटचं घ्यायला सांगेन. हा तुमचा आकडा.

बॅटरीत दोन रात्री मावल्या पाहिजेत, म्हणजे २०० वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत निश्चिंत वापरता येते, त्यामुळे १२.८ व्होल्टची २० ॲम्पिअर-तासांची पुरते. लेड ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर संपते, तिथे ३५ ते ४० ची घ्यावी लागेल. हेच चार दिवे जुन्या ४० वॅट बल्बांचे असते तर सगळं आठपट: ५२० वॅटचं पॅनल आणि १६० ॲम्पिअर-तास. आणि मघाचे ते वीस स्मार्ट बल्ब आठवतात? ते बंद असताना जेवढं खातात, तेवढ्यात हे चार दिवे दोन रात्री चालून वर थोडी वीज उरते.

एवढ्या लहान संचाला इन्व्हर्टर लावू नका. रिकामा इन्व्हर्टरही सतत काही वॅट गिळतो. २० वॅटच्या दिव्यांसाठी ते फार. पण १२ व्होल्टचे होल्डर घरच्या नेहमीच्या होल्डरपेक्षा वेगळ्या जातीचे घ्या. मी एकदा ही काळजी घेतली नव्हती. घरातल्या कुणीतरी १२ व्होल्टचा बल्ब मेनच्या होल्डरमध्ये लावला आणि तो फटाक्यासारखा उडाला. इजा झाली नाही, पण त्यानंतर मी असा धोका पत्करलेला नाही.

कमी व्होल्टेजला वायर जाड लागते, आणि इथेच हात आखडला जातो. चारही दिवे लागले की १.७ ॲम्पिअर वाहतात. बॅटरीपासून दिवे १५ मीटरवर असतील तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.६ व्होल्ट पडतो, ते खपतं. पाऊण चौरस मिलिमीटरची घातलीत तर १.२ व्होल्ट, म्हणजे बॅटरीतल्या ऊर्जेचा दहावा हिस्सा वायर तापवण्यात जातो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण शॉर्ट झालेली बॅटरी वायर लाल करते आणि आग लावते. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा, एवढ्या संचाला साधा पीडब्ल्यूएम जातीचा चालतो, फक्त त्यावर तुमच्या जातीच्या बॅटरीची सोय आहे ना ते बघा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. उलट केलंत तर काही कंट्रोलर व्होल्टेज चुकीचा ओळखतात.

पॅनलचं तोंड विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेला. तिरपेपणा तिथल्या अक्षांशाएवढा, ढगाळ महिने हिवाळ्यात येत असतील तर थोडा जास्त. पाच-दहा अंश इकडेतिकडे झाल्याने फार बिघडत नाही, सावलीने बिघडतं. पॅनलमधले सेल एका माळेत असतात, त्यामुळे चिमणीची किंवा टाकीच्या पाइपची हातभर सावलीही क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी जास्त वीज खाते. आणि पॅनलला ऊन आवडतं, उष्णता नाही: २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद ०.३५ ते ०.४ टक्के उतरते. म्हणून पत्र्याला चिकटवून न बसवता खालून चार बोटं वारा खेळेल असं उचलून बसवा.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, तोवर वाटेवरचा एक विझणारा दिवा उघडा. पॅनल ओल्या फडक्याने पुसा, सेलच्या टोकांवरचा हिरवट थर पॉलिश पेपरने घासा, नवा सेल घाला. खालचं बटण चालू स्थितीतच राहू दे, काही दिव्यांत ते बंद असलं की चार्जिंगही होत नाही. दिवा दोन-तीन दिवस पूर्ण उन्हात ठेवा. तरीही तो लवकर विझला तर सेल काढून, भर दुपारी पॅनलच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा. दोन व्होल्टच्या आसपास दिसले तर मीटर दहा ॲम्पिअरच्या खाचेत घालून करंटही बघा. तो २० मिलिॲम्पिअरच्या खाली असेल तर पॅनलवरचा पारदर्शक लेप उन्हाने पिवळा पडलाय. त्या दिव्यावर आणखी सेल घालवू नका, बाकीचे मात्र याच पद्धतीने उठतील.